शिक्षकांना ॲप-निर्मितीची ओळख करून देताना: आधी त्यांचे स्वतःचे ॲप, मग मुलांचा पाठ

कळफलक (धागाकर्ती)

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणावेत असे म्हटले आहे. तेव्हापासून ‘मुलांना ॲप बनवायला शिकवायचे आहे, त्याआधी आमच्या शिक्षकांना तयार करा’ अशी मागणी अनेक शाळांकडून होऊ लागली आहे. मी शिक्षकांच्या अशा कार्यशाळा घेते. या विषयावर मराठीत सविस्तर चर्चा फारशी आढळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मुलांना शिकवायचा पाठ हातात घेण्याआधी शिक्षकाने आपल्या रोजच्या कामाचे, स्वतःला खरोखर वापरावेसे वाटेल असे एक लहान ॲप सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः पूर्ण केले पाहिजे. बहुतेक प्रशिक्षणांत याच्या उलट होते. पहिल्या सत्रात संगणकीय विचारपद्धतीवर व्याख्यान होते, दुसऱ्यात तयार पाठाचे सादरीकरण होते, आणि शिक्षक स्वतः एकही ब्लॉक (पडद्यावर जोडायचा सूचनेचा ठोकळा) न जोडता प्रमाणपत्र घेऊन परततात. पुढे वर्गात एखाद्या मुलाचे ॲप अडले की त्याच्या शेजारी बसून ‘चल, कुठे अडले ते शोधू या’ असे म्हणण्याचा आत्मविश्वास त्यांच्याजवळ नसतो.

साधन म्हणून मी एमआयटी (अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या संस्थेचे ॲप इन्व्हेंटर वापरते. त्यात असे ब्लॉक जोडून फोनसाठी ॲप बनवता येते. एमआयटीतील प्राध्यापक हॅल ॲबेल्सन काही काळ गूगलमध्ये काम करत असताना तेथे याची सुरुवात झाली. २०१० मध्ये गूगलने ते जाहीर केले, २०११ च्या अखेरीस आपली सेवा थांबवली, आणि २०१२ च्या मार्चमध्ये एमआयटीने ते स्वतःकडे घेऊन पुन्हा खुले केले. तेव्हापासून ते विनामूल्य आहे आणि साध्या ब्राउझरमध्ये चालते. संगणकावर वेगळे काही बसवावे लागत नाही, ही शाळेच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. फोनवर मात्र त्याचे ‘कम्पॅनियन’ नावाचे ॲप घ्यावे लागते. ब्राउझरमध्ये दिसणारा क्यूआर कोड त्या ॲपने टिपला की आपण पडद्यावर केलेला प्रत्येक बदल त्याच क्षणी फोनवर दिसू लागतो. लॅपटॉपवर बटणाचा रंग बदलावा आणि हातातल्या फोनवर तो बदललेला दिसावा, एवढे पाहिले की मागे हात बांधून उभे असलेले शिक्षकही खुर्ची पुढे ओढून बसतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येते. ग्रामीण भागातील कार्यशाळेत मी पहिले ॲप शालेय पोषण आहाराच्या हिशोबाचे घेते. पहिली ते पाचवीसाठी दरडोई १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम तांदूळ हे प्रमाण सर्वांना तोंडपाठ असते. हा हिशोब अनेकजण रोज कागदावर किंवा फोनच्या कॅल्क्युलेटरवर करतात. त्यामुळे ॲपने काय करायचे हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही आणि सगळे लक्ष ते कसे करायचे याकडे देता येते.

ॲप इन्व्हेंटरमध्ये दोन दालने आहेत. ‘डिझायनर’ या दालनात फोनचा पडदा मांडायचा असतो. लहान गटाची उपस्थिती लिहिण्यासाठी एक चौकट, मोठ्या गटासाठी दुसरी, खाली ‘हिशोब करा’ असे बटण आणि त्याखाली उत्तर दाखवण्यासाठी रिकामे लेबल, एवढे चार घटक पुरतात. लेबलवर आणि बटणावर देवनागरी मजकूर व्यवस्थित दिसतो, हे पाहून शिक्षकांना विशेष बरे वाटते. चौकटीच्या गुणधर्मांत ‘फक्त अंक’ या अर्थाचा एक पर्याय आहे. त्यावर खूण केली की फोनवर अक्षरांच्या कळफलकाऐवजी अंकांचा कळफलक उघडतो.

दुसऱ्या दालनात ब्लॉक असतात. येथे मी मुद्दाम थांबते. स्क्रॅच (मुलांसाठीची ब्लॉकची प्रोग्रॅमिंग भाषा) किंवा पूर्वीची बेसिक ही भाषा पाहिलेले शिक्षक हमखास विचारतात, ‘मॅडम, हा प्रोग्रॅम सुरू कुठून होतो?’ या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले की पुढचा निम्मा रस्ता सोपा होतो. फोनवरचे ॲप वरून खाली वाचत जाणाऱ्या सूचनांच्या यादीप्रमाणे चालत नाही. ते वाट पाहत असते. बटण दाबले गेले, फोन हलवला गेला, संदेश आला, अशी एखादी घटना घडली की त्या घटनेसाठी ठेवलेल्या सूचना पाळल्या जातात आणि ॲप पुन्हा वाट पाहू लागते. म्हणून पहिला ब्लॉक नेहमी ‘हे बटण दाबले जाईल तेव्हा’ असा असतो आणि बाकीचे सर्व त्याच्या पोटात बसतात. चल (व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवून ठेवण्याची जागा), अट, यादी, पुनरावृत्ती या संकल्पना पुढे येतातच. पहिल्या दिवशी घटना ही एकच संकल्पना पक्की झाली तरी मी समाधानी असते.

बटणाच्या पोटात ‘लेबलचा मजकूर अमुक कर’ हा हिरवा ब्लॉक येतो आणि त्याला निळे गणिती ब्लॉक जोडले जातात. लहान गटाची उपस्थिती गुणिले १००, मोठ्या गटाची गुणिले १५०, दोन्हींची बेरीज, आणि किलो करण्यासाठी भागिले १०००. उपस्थिती ४२ आणि ३० दिली की ४.२ अधिक ४.५ म्हणजे ८.७ किलो असे उत्तर येते. ‘किलो तांदूळ’ हे शब्द उत्तरापुढे यावेत असे कोणीतरी सुचवतेच आणि मग अधिकच्या चिन्हाने संख्या व शब्द एकत्र करण्याचा प्रयत्न होतो. ते जमत नाही, कारण येथे बेरीज फक्त संख्यांची होते. मजकूर जोडण्यासाठी ‘जॉइन’ नावाचा वेगळा गुलाबी ब्लॉक आहे.

यानंतर मी सर्वांना दुसरी चौकट रिकामी ठेवून बटण दाबायला सांगते. फोनवर इंग्रजीत त्रुटीचा संदेश येतो आणि खोलीत क्षणभर शांतता पसरते. संदेश मोठ्याने वाचायचा, त्यातला गुणाकाराचा उल्लेख शोधायचा, कोणत्या चौकटीतून संख्या आली नाही ते ओळखायचे, आणि ‘चौकटीत संख्या असेल तरच हिशोब कर’ अशी अट घालायची. माझ्या दृष्टीने संपूर्ण कार्यशाळेतला सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच आहे. त्रुटीचा संदेश वाचून कारणापर्यंत पोहोचणे हे कौशल्य मुलांना शिकवायचे असेल, तर ते आधी शिक्षकाच्या हातात असले पाहिजे.

आपापल्या शाळांत किंवा केंद्रांत असे प्रयोग झाले असतील तर त्यांचे अनुभव आणि माझ्या मांडणीवरील आक्षेप, दोन्ही वाचायला आवडतील.

पाटीपेन्सिल

सविस्तर लेखाबद्दल आभार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि केंद्रातला ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणून अशी कामे माझ्याकडेच येतात. पोषण आहाराचे उदाहरण मनापासून पटले. आमच्या शिक्षण परिषदेत ते घेतले तर कोणीही घड्याळाकडे पाहणार नाही.

व्यवहारातल्या अडचणी मात्र वेगळ्याच असतात. शाळेत चालू स्थितीतले लॅपटॉप मोजकेच आहेत. इंटरनेट आहे, पण ते कधी जाईल याचा भरवसा नाही. मागे एका प्रशिक्षणात लॅपटॉप आणि फोन एकमेकांना सापडतच नव्हते आणि सकाळचे सत्र त्यातच गेले. शिवाय प्रत्येक शिक्षकाने आपल्या गूगल खात्याने शाळेच्या सामाईक संगणकावर प्रवेश करणे मला योग्य वाटत नाही. बरेच जण बाहेर पडताना खाते बंद करत नाहीत. मुलांच्या बाबतीत तर तेरा वर्षांखालील मुलांना स्वतःचे गूगल खाते उघडताच येत नाही. सहावी-सातवीच्या वर्गात यावर आपण काय करता?

कळफलक

तिन्ही अडचणी खऱ्या आहेत आणि तिन्हींवर उपाय आहेत.

खात्याचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. ॲप इन्व्हेंटरमध्ये कोणत्याही खात्याशिवाय प्रवेश करण्याची सोय आहे. तेथे आपल्याला काही इंग्रजी शब्दांचा मिळून बनलेला एक पुनर्प्रवेश कोड मिळतो. पुढच्या वेळी तोच कोड दिला की आपले काम परत समोर येते. त्यात नाव, ईमेल, वय असे काहीच द्यावे लागत नाही. तो कोड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायची सवय मात्र लावावी लागते, कारण कोड हरवला तर काम परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून सत्र संपताना प्रत्येकाने आपल्या प्रकल्पाची ‘एआयए’ फाइल संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावी, हा नियम मी शेवटपर्यंत सैल करत नाही. इंटरनेट मध्येच गेले तरी निदान आधीचे काम हाताशी राहते.

फोन आणि लॅपटॉप एकमेकांना सापडत नाहीत याचे कारण बहुधा नेटवर्क असते. दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर असावीत हे सर्वांत भरवशाचे. अनेक संस्थांच्या वायफायवर सुरक्षेसाठी एका उपकरणाला दुसऱ्याशी थेट बोलू दिले जात नाही, आणि मग क्यूआर कोड कितीही वेळा टिपला तरी जोडणी होत नाही. अशा वेळी एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप आणि बाकीचे फोन त्याच्यावर घ्यावेत. कार्यशाळेच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत जाऊन एकदा जोडणी करून पाहणे, याला मी तयारीतला पहिला भाग मानते.

लॅपटॉप कमी असणे हे मला फारसे वाईट वाटत नाही. तिघांना एक लॅपटॉप आणि प्रत्येकाचा स्वतःचा फोन, अशी रचना केली तर एकजण ब्लॉक जोडतो, दुसरा फोनवर तपासतो आणि तिसरा पुढे काय करायचे ते सांगतो. ठरावीक वेळाने जागा बदलायच्या. मुलांच्या वर्गात हीच रचना करावी लागणार असते, त्यामुळे शिक्षकांनी ती स्वतः अनुभवलेली बरी.

अंकगणित

मांडणी आवडली, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. सहावीच्या मुलांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी पहिले साधन स्क्रॅच असावे असे मला वाटते. एमआयटीच्याच मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केलेले स्क्रॅच २००७ पासून उपलब्ध आहे आणि ते आठ ते सोळा या वयोगटासाठी योजलेले आहे. त्याची ऑफलाइन आवृत्ती एकदा पेन ड्राइव्हवरून बसवली की इंटरनेट लागत नाही, फोन लागत नाही, जोडणीची कटकट राहत नाही. पडद्यावरच्या मांजराला दहा पावले चालवले की ते चालताना दिसते. चूक झाली तर तीही डोळ्यांना दिसते. ॲप इन्व्हेंटरमध्ये पडदा एका दालनात, ब्लॉक दुसऱ्या दालनात आणि परिणाम तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे फोनवर दिसतो. नवख्या शिक्षकाला हे तीन ठिकाणी विखुरलेले काम जड जाते.

याला एक परंपराही आहे. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फोर्झाइग यांनी लोगो ही भाषा मुलांसाठी तयार केली. पुढे पडद्यावरच्या कासवाला ‘पुढे जा, उजवीकडे वळ’ असे सांगत मुले भूमिती शिकली. चौरस काढण्यासाठी कासवाला किती अंश वळवायचे याचा विचार करताना मूल स्वतः उभे राहून वळून पाहते. ही ताकद फॉर्मच्या चौकटी आणि बटणे मांडण्यात कुठून येणार? मी गणित शिकवतो, आणि बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश असते हे स्क्रॅचवर करून पाहिलेली मुले पुढे विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

कळफलक

आपला मुद्दा मुलांच्या बाबतीत मला बराचसा मान्य आहे. सहावीत स्क्रॅच आणि आठवीत ॲप इन्व्हेंटर असा क्रम ठेवायला माझी हरकत नाही. ज्या शाळेत इंटरनेटचा पत्ताच नाही तेथे तर स्क्रॅच हाच शहाणपणाचा पर्याय आहे.

शिक्षकांच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. प्रौढ माणसाला मांजर चालवून दाखवले की तो हसून दाद देतो, पण ‘हे मुलांचे खेळणे आहे’ ही भावना त्याच्या मनातून जात नाही. स्वतःच्या फोनवर स्वतः केलेला हिशोब चालू लागला की तोच माणूस जेवणाच्या सुट्टीत ‘यात डाळ पण घालता येईल का’ असे विचारत येतो. डाळीचे २० आणि ३० ग्रॅमचे प्रमाण कुठे बसवायचे हे मग तो स्वतःच शोधतो. ॲप इन्व्हेंटरच्या गटाने २०१९ च्या सुमारास ‘संगणकीय कृती’ हा विचार मांडला. शिकणाऱ्याने आपल्या आयुष्याशी थेट संबंध असलेली वस्तू घडवावी आणि तिचा परिणाम आपल्या परिसरात पाहावा, असा त्याचा आशय आहे. तो मुलांसाठी मांडला गेला असला तरी शिक्षकांना तो अधिकच लागू पडतो असे मला दिसते.

भूमितीसाठी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. ॲप इन्व्हेंटरमध्ये ‘कॅनव्हास’ हा घटक आहे. त्यावर बोटाने रेषा काढता येतात आणि स्पर्शबिंदूचे क्ष आणि य निर्देशक मिळतात. आलेखाच्या पाठासाठी हे उपयोगी पडते. फक्त येथे आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि य ची किंमत खाली जाताना वाढते. गणिताच्या शिक्षकाला हे आधी खटकते, पण त्यावर वर्गात छान चर्चा होते.

सहप्रवासी

मी मुंबईत किशोरवयीन मुलींसोबत काम करते, त्यामुळे या चर्चेत थोडी वेगळी बाजू मांडते.

धारावीतल्या ‘धारावी डायरी’ या उपक्रमातील मुलींनी ॲप इन्व्हेंटर वापरून केलेली ॲप्स अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचली असतील. एक ॲप संकटात सापडलेल्या स्त्रीला मोठा आवाज करून आणि ओळखीच्यांना संदेश व ठिकाण पाठवून मदत मागता यावी यासाठी होते, तर दुसरे सार्वजनिक नळावरच्या पाण्याच्या रांगेसाठी. या विषयांची निवड कोणत्याही पाठ्यपुस्तकातून झालेली नव्हती. पाण्यासाठी रांगेत कोण उभे राहते आणि त्यापायी कोणाची शाळा बुडते, हे त्या मुलींना ठाऊक होते. शिक्षकांना तयार करताना विषय मुलांकडून येऊ देण्याची तयारीही करून घ्यावी, असे मला कळकळीने म्हणावेसे वाटते. तयार नमुन्यांची यादी हातात असली की शिक्षक त्याबाहेर जात नाहीत.

दुसरा मुद्दा फोनचा आहे. ‘असर’ २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यापैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. ‘आपापला फोन काढा’ या एका वाक्याने वर्ग दोन भागांत विभागला जातो. मुलगी घरी गेल्यावर भावाच्या फोनवर आपले ॲप चालवून पाहील हे गृहीत धरता येत नाही. म्हणून शाळेने दोन-तीन जुने अँड्रॉइड फोन केवळ तपासणीसाठी ठेवावेत आणि ते वर्गातल्या सर्वांचे असावेत. कोणाच्या घरात तरी पडदा जरासा तडकलेला, पण चालू फोन पडून असतोच.

तिसरा मुद्दा संदेश पाठवण्याच्या परवानगीचा. सुरक्षेचे ॲप करायचे ठरले की मुलांना फोनने आपोआप एसएमएस पाठवायला हवा असतो. २०१९ पासून गूगलने प्ले स्टोअरवरच्या ॲप्सना ही परवानगी देण्यावर कडक बंधने आणली आहेत. ॲप इन्व्हेंटरनेही त्यानंतर दोन वेगळे ब्लॉक केले. एक संदेश तयार करून फोनचे नेहमीचे संदेशांचे ॲप उघडतो आणि पाठवण्याचे काम माणसावर सोडतो, दुसरा थेट पाठवतो. पहिला कोणता आणि दुसरा कोणता, आणि असा भेद का करावा लागला, यावर शिक्षकाने मुलांशी बोलले पाहिजे. आपल्या नकळत एखादे ॲप आपल्या फोनवरून संदेश पाठवू शकते, ही गोष्ट ज्याने ते ॲप स्वतः बनवून पाहिले त्याला कायमची समजते.

मांडवीकाठ

गोव्यात सरकारी आणि अनुदानित माध्यमिक शाळांसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची ‘केअर्स’ ही योजना आहे आणि सहावी ते आठवीचे वर्ग तिच्यात येतात. मी त्या वर्गांना संगणक शिकवते. येथील शिक्षिका म्हणून एवढेच सुचवते की प्रशिक्षणात फक्त संगणकाच्या शिक्षकांना बोलावू नये. विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना सोबत घेतले की ॲपचे विषय लगेच वाढतात. आमच्याकडे भाषेच्या शिक्षिकेला शब्द दाखवून तो मोठ्याने वाचून दाखवणारे ॲप हवे होते. मजकूर वाचून दाखवणारा घटक ॲप इन्व्हेंटरमध्ये आहेच. तो फोनमधलीच वाचन-सेवा वापरतो, म्हणून फोनच्या सेटिंग्जमध्ये मराठी आवाज आधी उतरवून घ्यावा लागतो. तो नसेल तर ॲपमध्ये चूक नसूनही शब्द चमत्कारिक ऐकू येतो आणि शिक्षक ब्लॉक तपासत बसतात.

विजेरी

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो आणि पालक म्हणून हा धागा वाचतो आहे. माझी शंका प्रामाणिक आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत सांगितले तरी ती संपूर्ण ॲप लिहून देते. मग शिक्षकांनी ब्लॉक जोडत बसण्यात वेळ का घालवावा? आणि शिकायचेच असेल तर पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट अशी मजकूर लिहून वापरायची प्रोग्रॅमिंग भाषाच थेट का शिकू नये?

कळफलक

शंका रास्त आहे आणि हल्ली प्रत्येक कार्यशाळेत ती येते. एमआयटीच्या याच गटाने साध्या वाक्यात केलेल्या वर्णनावरून ॲप तयार करणारे ‘ॲप्टली’ नावाचे साधनही केले आहे, म्हणजे ते या बदलापासून दूर नाहीत.

उत्तर म्हणून मी वर्गात घेते तो एक प्रसंग सांगते. दुसऱ्या दिवशी शिक्षक पाढ्यांचे ॲप करतात. दोन ते बारामधल्या दोन यादृच्छिक (रँडम, म्हणजे कोणत्याही) संख्या दाखवायच्या, मुलाने गुणाकार लिहायचा, ‘तपासा’ बटण दाबल्यावर बरोबर की चूक ते सांगायचे. बरेच गट यादृच्छिक संख्येचा ब्लॉक लेबलमध्ये जोडतात आणि तोच ब्लॉक पुन्हा तपासणीच्या बटणातही जोडतात. पडद्यावर ७ गुणिले ८ दिसते, मूल ५६ लिहिते आणि ॲप ‘चूक’ म्हणते. कोणताही त्रुटीचा संदेश येत नाही. ॲप सुरळीत चालते आणि बरोबर उत्तराला चूक ठरवते. तो ब्लॉक प्रत्येक वेळी नवी संख्या काढतो, त्यामुळे दाखवलेली संख्या आणि तपासलेली संख्या वेगळ्या असतात, हे शोधायला गटांना चांगलाच वेळ लागतो. सापडल्यावर ‘आधी काढलेली संख्या कुठेतरी जपून ठेवायला हवी’ हे वाक्य त्यांच्याच तोंडून येते आणि चल म्हणजे काय हे मला वेगळे शिकवावे लागत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून दिलेल्या ॲपमध्येही नेमकी याच जातीची चूक असू शकते. ती चूक आहे हे ओळखण्यासाठी ५६ बरोबर असूनही ॲप चूक का म्हणते असा प्रश्न पडावा लागतो आणि उत्तर कुठे शोधायचे ते माहीत असावे लागते. ही नजर तयार करण्यासाठी ब्लॉक पुरेसे आहेत. पायथॉनबद्दल माझे मत असे की नवख्या शिक्षकाचा पहिला दिवस स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी वर्तनी यांच्यात जाऊ नये. आठवी-नववीनंतर मुलांनी मजकुरातले कोडिंग जरूर करावे.

शोधण्यासाठी एक फार उपयोगी सोय येथेच नोंदवते, कारण ती अनेक प्रशिक्षकांनाही माहीत नसते. फोन जोडलेला असताना कोणत्याही ब्लॉकवर उजवी कळ दाबून ‘डू इट’ हा पर्याय निवडला की त्या क्षणी त्या ब्लॉकची किंमत काय आहे ते तिथेच छोट्या चौकटीत दिसते. यादृच्छिक संख्येच्या ब्लॉकवर हे दोनदा करून पाहिले की दोन वेगळे आकडे समोर येतात आणि वर उल्लेख केलेले कोडे उलगडते.

पाटीपेन्सिल

‘डू इट’ मला खरेच माहीत नव्हते. आज शाळेत करून पाहिले, उत्तम चालते.

एक शंका राहिली. काही सहकाऱ्यांना हजेरीचे ॲप करायचे आहे, मुलांची नावे, पालकांचे क्रमांक आणि रोजची नोंद असे. हे प्रोत्साहन द्यावे की थांबवावे?

कळफलक

थांबवू नये, पण मर्यादा आधी सांगावी. ॲप इन्व्हेंटरमध्ये माहिती साठवण्याचे दोन मार्ग शिक्षकांना हमखास सापडतात. ‘टायनीडीबी’ माहिती त्याच फोनवर ठेवते, ‘क्लाउडडीबी’ ती इंटरनेटवरच्या सर्व्हरवर पाठवते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील प्रत्येकजण बालक मानला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. म्हणून शिकाऊ ॲपमध्ये मुलांची नावे आणि पालकांचे क्रमांक घालूच नयेत. हजेरीक्रमांक आणि उपस्थिती एवढेच टायनीडीबीमध्ये ठेवून दाखवावे. साठवणूक कशी होते हे त्यातून शिकता येते आणि कोणाची माहिती बाहेर जात नाही. शाळेची अधिकृत हजेरी ज्या ठिकाणी नोंदवायची तेथेच नोंदवावी.

सहप्रवासी

यात भर घालते. ॲपची ‘एपीके’ फाइल करून ती दुसऱ्याच्या फोनवर बसवताना फोन ‘अनोळखी स्रोत’ म्हणून इशारा देतो. तो इशारा सरसकट बंद करायला मुलांना शिकवू नये. आपण बनवलेले ॲप बसवण्यापुरती परवानगी द्यावी आणि काम झाल्यावर ती काढून घ्यावी, हे प्रशिक्षणातच करून दाखवावे. प्ले स्टोअरवर टाकण्याची घाई तर अजिबात नको. त्यासाठी विकसक म्हणून एकदाच २५ डॉलर भरून नोंदणी करावी लागते आणि धोरणांची पूर्तता करावी लागते. शाळेच्या पातळीवर कम्पॅनियनमध्ये चालणारे ॲप पुरेसे आहे.

अंकगणित

वरची सर्व चर्चा वाचल्यावर आमच्या संकुलातल्या प्रशिक्षणाचा आराखडा मी बदलला आहे. पहिल्या दिवशी शिक्षकांचे स्वतःचे ॲप, दुसऱ्या दिवशी पाढ्यांचे ॲप आणि त्यातली यादृच्छिक संख्येची अडचण, आणि त्यानंतर मधे काही आठवडे सोडून तिसरी भेट. तिसऱ्या भेटीला प्रत्येकाने वर्गात मुलांसोबत केलेले, अडलेले किंवा अर्धवट राहिलेले ॲप घेऊन यायचे. सहावीच्या वर्गासाठी स्क्रॅच कायम ठेवतो आहे. कळफलक, पोषण आहाराच्या ॲपची एआयए फाइल आपण येथे दिलीत तर आमचा वेळ वाचेल.

कळफलक

आराखडा उत्तम आहे, विशेषतः तिसरी भेट. पूर्ण झालेली फाइल मात्र मी देत नाही, त्याबद्दल राग नसावा. तयार ॲप मिळाले की ते चालवून पाहिले जाते आणि बाजूला ठेवले जाते. त्याऐवजी फक्त पडदा मांडलेली, एकही ब्लॉक नसलेली फाइल पाठवते. चौकटी, बटण आणि लेबल जागेवर असतील, आणि देवनागरी टंकलेखनात जाणारा वेळ वाचेल. ब्लॉक शिक्षकांनीच जोडायचे. आपला संपर्क व्यक्तिगत निरोपातून कळवा, आजच पाठवते. तिसऱ्या भेटीत शिक्षक कोणकोणती अडलेली ॲप्स घेऊन आले ते याच धाग्यावर लिहावे, म्हणजे पुढच्या कार्यशाळांत तीच उदाहरणे घेता येतील.